रिकाम्या क्रेटचं वजन

कुंदनने दिलेला कागद अगदी साधा होता. वर कंपनीचं नाव, खाली एक ओळ: ‘सदर कर्मचाऱ्याच्या वर्तनात संशयास्पद बाब आढळली: होय / नाही.’ त्याखाली माझ्या सहीची जागा. सदर कर्मचारी म्हणजे हिरामण.

“शनिवारपर्यंत द्या, यादवकाका,” कुंदन म्हणाला. तो आमच्या भागाचा सुपरवायझर. “फक्त लक्ष ठेवा. तुम्ही सकाळभर खोलीतच असता. तुमच्याइतकं कोणाला दिसणार?”

“आणि मी ‘होय’ लिहिलं तर?”

“तर रविवारी त्याची सायकल जमा आणि नोकरी खलास. पोलीस वगैरे भानगडीत आपण पडत नाही. गुपचूप काम.”

तो सोमवार होता. मी कागद घडी करून शब्दकोशात ठेवला आणि दिवसभर तो तिथे आहे हे विसरण्याचा प्रयत्न केला.

नाशिकरोड ते सातपूर ट्राम सुरू झाली त्याला आता सव्वा वर्ष होत आलं. शंभर वर्षांपूर्वी या गावात घोडे ओढायचे अशी ट्राम होती, असं वाचलेलं सांगायला मी तेव्हा फार उत्सुक होतो, पण मला कोणी विचारलं नाही. सकाळच्या पहिल्या ट्रामला प्रवासी कमी, म्हणून तिचा मागचा डबा पार्सलांना दिला. डेपोत क्रेट भरतात, पावणेसातला ते द्वारकेच्या थांब्यावर उतरतात, आणि पुढे घरोघर पोचवायला पेटीच्या सायकली. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर फ्रीजएवढी पेटी, मागे माणूस. द्वारकेच्या चौकात टेम्पो अर्धा तास अडकतो, तिथून या सायकली कडेकडेने निघून जातात.

थांब्यापासून दोनशे पावलांवर माझी खोली. तिथे मी बावीस वर्षं वाचनालय चालवलं. वर्गणीदार सात उरले तेव्हा ते बंद केलं, पण फळ्या भिंतींवर तशाच राहिल्या, पाट्यांसकट. कंपनीला पार्सलं लावायला फळ्याच हव्या होत्या. आता कादंबऱ्यांच्या फळीवर काठे गल्लीची पार्सलं असतात आणि चरित्रांच्या फळीवर वडाळा रोडची. माझं काम क्रेटमधून आलेली पार्सलं फळीवर लावायची, यादीवर खूण करायची आणि दुपारी मोकळे क्रेट मोजून द्यायचे.

सायकलस्वार दोघं. वडाळा रोडला शुभांगी, मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरची. तिचं तोंड सकाळी सातला सुरू होतं ते दुपारी ट्राम सुटेपर्यंत. काठे गल्लीला हिरामण, पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. पस्तिशीचा असावा. पूर्वी दर वर्षी द्राक्षबागांत छाटणीला यायचा, आता वर्षभर इथेच. तो फारसा बोलत नाही. मीही बोलत नाही. दहा महिन्यांत आमच्यात ‘या’, ‘घ्या’, ‘झालं’ याच्यापलीकडे काही बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

कंपनीच्या संशयाला दोन कारणं होती. काठे गल्लीतल्या तीन ग्राहकांनी कळवलं होतं की खोकं आलं, पण आत माल नाही. दोन मनगटी घड्याळं आणि एक कानात घालायचं यंत्र. दुसरं कारण वजनाचं. दुपारी एक वीसच्या ट्रामने मोकळे क्रेट परत जातात. चढवताना थांब्यावरच्या काट्यावर चार-चार क्रेटची थप्पी ठेवतात. शुभांगीची थप्पी रोज नेमकी भरायची. हिरामणची पन्नास-साठ ग्रॅमने जास्त. दिवाळीपासून, जवळजवळ रोज.

“काका, घड्याळ किती ग्रॅमचं असतं?” असं कुंदनने मला सोमवारीच विचारलं होतं आणि उत्तराची वाट न बघता भुवई उडवली होती. डेपोत कोणीतरी साथीदार आहे, हिरामण चोरलेला माल मोकळ्या क्रेटमधून त्याच्याकडे धाडतो, असा त्याचा हिशेब.

मला तो हिशेब पटला नव्हता. पण मंगळवारी मी हिरामणकडे बघू लागलो, आणि एकदा बघू लागल्यावर न पटणं अवघड होत गेलं.

तो थप्पी रचायला बसायचा तेव्हा नेहमी माझ्याकडे पाठ करून. खालचा क्रेट आधी हाताने आतून पुसायचा. मग खिशात हात. मग क्षणभर थांबणं. मग पहिल्यावर दुसरा क्रेट, दुसऱ्यावर तिसरा, घाईघाईने. हे तो रोज असंच करत असणार आणि दिवाळीपासून ते माझ्यासमोर घडत असणार. मी पुस्तकात मान घालून बसलेलो.

“काय हो काका, आज पान उलटेना?” शुभांगी म्हणाली.

“वाचतोय.”

“पुस्तक उलटं असतं तर मी समजले असते. सरळ धरून पण तुम्ही त्या हिरामणदादाकडेच बघताय. सीआयडीत भरती झालात काय?”

हिरामणने वळून पाहिलं. मी पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली गेली.

त्याला सरळ विचारावं असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. वाक्यही तयार केलं होतं: ‘हिरामण, या क्रेटमध्ये तू काय ठेवतोस?’ पण या वाक्यात ‘ठेवतोस’ हा शब्द आहे, आणि तो म्हटला की आरोप झाला. ‘काही ठेवतोस का’ म्हणावं तर त्यात आणखी खोच. मी वाक्य बदलत राहिलो आणि एक वीसची ट्राम निघून गेली.

बुधवारी हिरामण थप्पी रचून नळावर हात धुवायला गेला. शुभांगी सायकलच्या साखळीशी झटत होती. मी वरचे तीन क्रेट उचलून खाली ठेवले. चौथ्याच्या कोपऱ्यात पळसाच्या पानाची एक पुडी होती, सुपारीएवढ्या गाठीने बांधलेली. मी ती सोडली. आत तांदूळ होते. तांबूस, आखूड दाण्याचे, मूठभर.

मी पुडी होती तशी बांधायचा प्रयत्न केला. गाठ तशी जमली नाही. क्रेट पुन्हा रचताना चोरी मी करतोय असं मला वाटत होतं.

तांदूळ दिसल्यावर संशय जायला हवा होता. तो वाढला. घड्याळ सापडलं असतं तर एका घड्याळाचा प्रश्न होता. तांदूळ कोणी कंपनीच्या क्रेटमधून, पानात बांधून, रोज का पाठवेल? मी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या देत-घेत आलो, त्यामुळे उत्तरं सुचायला वेळ लागला नाही. ही खूण असेल. आज तांदूळ म्हणजे आज काही नाही, रिकामं पान म्हणजे उद्या माल. किंवा ही तालीम असेल. साठ ग्रॅम रोज जातात आणि कोणी विचारत नाही, हे एकदा पक्कं झालं की मग तांदळाच्या जागी साठ ग्रॅमचं दुसरं काही. प्रत्येक उत्तर मला आधीच्यापेक्षा बरं वाटत होतं. मी स्वतःवर थोडा खूषही झालो होतो, हे लिहिताना लाज वाटते.

गुरुवारी मी क्रेटबरोबर ट्राममध्ये चढलो. हिरामणला म्हणालो, “नाशिकरोडला काम आहे.” त्याने मान हलवली. मी तिथे कधीच जात नाही, हे त्याला ठाऊक असणार.

डेपोच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली क्रेट धुतात आणि तिथेच दुसऱ्या दिवसासाठी भरतात. एक बाई पाण्याची नळी घेऊन उभी होती. पन्नाशीची, काटक, लुगड्यावर कंपनीचा प्लॅस्टिकचा एप्रन. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘चिमणाबाई’ असं होतं.

“काय पायजे?” तिने विचारलं.

“हे द्वारकेचे क्रेट. मी तिथला.”

“कंपनीचं का?”

“नाही. म्हणजे हो. खोली माझी आहे.”

“हो का नाय, ते एक सांगा ना.”

तिने नळी बंद केली आणि हिरामणची थप्पी ओढली. वरचे तीन क्रेट तिने सटासट बाजूला टाकले, आणि चौथ्याला हात घालताना मात्र माझ्याकडे पाहिलं. पुडी तिने उचलली आणि एप्रनच्या आड केली.

“ते काय आहे?”

“कचरा.”

“उघडा बघू.” असा हुकूम मी जन्मात कोणाला दिला नव्हता.

तिने पुडी माझ्या नाकासमोर धरून सोडली. “तांदूळ हायती. खाऊन बघा. इख नाय त्याच्यात.”

“किती दिवस येतात?”

“दिवाळीपासनं.”

“कोण पाठवतं?”

“मला काय ठावं? द्वारकेचं तुम्ही. तुम्हाला ठावं.”

“मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?”

“सांगून काय करू? सांगितलं असतं तर तुमच्यावानी कोणीतरी आलं असतं इचारायला. बिन सांगता बी आलाच तुम्ही.” ती पुडी पुन्हा बांधू लागली. तिच्या बोटांनी ती गाठ एका फटक्यात बसली, काल मला साधली नव्हती ती.

“पण तांदूळ कशासाठी?” मी विचारलं.

चिमणाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादं अगदी लहान मूल आहे किंवा फार लांबून आलेला माणूस आहे.

“टोपली भरून आली तर मोकळी कशी परत धाडायची? चार दाणे टाकून धाडतात. आमच्याकडं तर धाडतात. तुमच्याकडं काय करतात?”

माझ्या शेजारच्या बाई संक्रांतीला तिळाच्या वड्यांची डिश देतात. ती मी धुऊन, चमचाभर साखर घालून परत देतो. रिकामी कधीच दिली नाही. ही पद्धत मी कोणाकडून शिकलेलो नाही, ती असतेच. क्रेटकडे बघताना ती मला आठवली नाही, कारण क्रेट कंपनीचा, बारकोडचा, निळ्या प्लॅस्टिकचा. त्यात भरून येतं ते पार्सल, ते काय कोणाच्या घरून आलेलं थोडंच. पण माणसाला तसं वाटलं तर? रोज सकाळी कोणीतरी भरून पाठवतं आणि आपण रोज दुपारी रिकामं परत करतो, हे एखाद्याला टोचत असेल तर?

“हिथं क्रेट भरते मी,” चिमणाबाई म्हणाली. “म्हणजे धाडलं ते मलाच धाडलं. चोरलं नाय कोणाचं.” मग आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, “कोण हाय ते? गडी हाय का बाई? आमच्या अंगचा तांदूळ हाय हा, डोंगराकडला. म्हणून इचारते.”

नाव सांगावं की नाही? सांगितलं आणि हे दोघं खरोखरच साथीदार असले, तर मी त्यांना सावध केलं असं होईल. आणि नसले तर? मी घसा साफ केला.

“चौकशी चालू आहे,” मी म्हणालो.

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि नळी सुरू केली. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं तरी तिने ती वळवली नाही.

परतीच्या ट्राममध्ये मला अर्धा वेळ तिचं सगळं खरं वाटत होतं, अर्धा वेळ वाटत होतं की इतकं तयार उत्तर खोट्याचंच असतं. आणि खरं असलं तरी तांदळाने काठे गल्लीची घड्याळं सापडत नव्हती.

शुक्रवारी मी जुन्या याद्या काढल्या. त्या तीन तक्रारींच्या तारखा कुंदनने कागदामागे लिहिल्या होत्या. यादीत प्रत्येक पार्सलापुढे फेरी असते. पहिली फेरी सातला निघते, दुसरी नऊला. मी तिन्ही पार्सलं शोधली. तिन्ही दुसऱ्या फेरीची होती. म्हणजे सात ते नऊ ती हिरामणकडे नव्हतीच. ती कादंबऱ्यांच्या फळीवर होती, माझ्या खोलीत.

त्या दोन तासांत मी काय करतो? पुस्तक घेऊन दारात खुर्ची टाकतो. डिसेंबरातलं ऊन तिथे बरं लागतं. आठ वाजता मी कोणत्या पानावर असतो आणि नऊला कोणत्या, हे मी त्या दिवशी खुणेच्या चिठ्ठीवरून तपासलं. एका तासात दोन पानं. मी झोपतो. दार उघडं, फळ्या उघड्या, चौकात जाणारं-येणारं अर्धं नाशिक, आणि मी मान टाकून झोपतो. कोणीही आत येऊन गेलं असेल. किंवा घड्याळं डेपोतूनच निघाली नसतील. किंवा त्या तिघांनी ती घेऊन वर तक्रार केली असेल. मला काहीच माहीत नव्हतं, आणि ज्याला सगळं दिसतं म्हणून कंपनीने निवडलं तो माणूस मी होतो.

शनिवारी अकराला कुंदन आला. दोघेही सायकलस्वार फेरीवर होते.

“झालं का काका?”

मी त्याला तांदळाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, एकदा हसला, मग हसणं बंद केलं.

“तांदळाचं ठीक आहे. ते आपण बंद करू. पण घड्याळं कुठं गेली?”

“ते मला माहीत नाही.”

“मग संशय आहे ना? तेवढंच लिहायचंय. होय वर टिक करा, मी जातो.”

“संशय आहे,” मी म्हणालो. “पण तो नावाप्रमाणे लावायचा तर पहिलं नाव माझं येतं.” मी याद्या त्याच्यापुढे ठेवल्या. दुसऱ्या फेरीच्या खुणा दाखवल्या. “दोन तास पार्सलं माझ्या ताब्यात होती. खोलीत मी होतो आणि बहुतेक झोपलेला होतो.”

“काका, तुमच्यावर कोण संशय घेईल?”

“का नाही?”

या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. माझ्या खोलीत पुस्तकं आहेत, मी शुद्ध बोलतो, आणि मी पेठकडचा नाही.

“हे असलं तुम्ही लिहून दिलंत ना,” तो हळू म्हणाला, “तर वरचे लोक खोलीच बंद करतील. उघड्या दाराची खोली त्यांना चालणार नाही. मग तुम्ही दिवसभर करणार काय?”

हा विचार मी रात्रीच करून ठेवला होता आणि त्याचं उत्तर मला मिळालं नव्हतं. सकाळी सातला कोणीतरी दार वाजवतं, शुभांगी काहीतरी टोमणा मारते, या एवढ्यावर माझा दिवस उभा होता. कागदावरच्या ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यामधली रेघ किती जाड आहे ते बघत मी बसलो. मग दोन्ही शब्द खोडले आणि खालच्या रिकाम्या जागेत लिहायला लागलो. जागा पुरेना म्हणून मागे लिहिलं. तारखा लिहिल्या, फेऱ्या लिहिल्या, खुर्ची कुठे असते ते लिहिलं. हिरामणने तांदूळ का ठेवले, ते मला समजलं तसं लिहिलं. शेवटी सही केली. कुंदनने ते उभ्याउभ्या वाचलं, दोनदा, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून पाठवला.

पुढे झालं ते त्याने सांगितलं तसंच. कागदात कोणा एकाचंच नाव नव्हतं म्हणून सायकल कोणाचीच जमा झाली नाही. खोली मात्र बंद झाली. थांब्याच्या मागे पत्र्याची शेड उभी राहिली, तिला कुलूप आणि दोन कॅमेरे. क्रेटमध्ये काही टाकायचं नाही अशी पाटी लागली, आणि डेपोतल्या बाईला लेखी समज दिली गेली. ही समज माझ्या कागदामुळे दिली गेली. घड्याळांचं काय झालं ते मला कोणी कळवलं नाही.

शेवटच्या दिवशी शुभांगी आणि हिरामण उरलेल्या याद्या आणि मोकळे क्रेट न्यायला आले.

“काका, आता कोणाकडे बघणार?” शुभांगी म्हणाली. “शेडमध्ये या अधूनमधून. कॅमेऱ्यात तुमचा फोटो चांगला येईल.” ती सामान घेऊन पुढे गेली. हिरामण पेटीचं दार लावत मागे राहिला.

“चहा टाकू?” मी विचारलं.

“नको.” त्याने कडी लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. “बाबा, मला इचारायचं ना. मी हिथंच तर होतो.”

“हो,” मी म्हणालो. तयार केलेली सगळी वाक्यं माझ्याजवळ होती, पण आता त्यांचा उपयोग नव्हता.

“कुंदनसाहेब म्हनले, तुम्ही डेपोत गेलता. ती बाई बघितली तुम्ही.”

“बघितली.”

“कुठल्या गावची हाय ती?”

मी आठवू लागलो. आमच्या अंगचा तांदूळ, असं ती म्हणाली होती. पण कोणतं गाव, कोणता पाडा, इथे कोणाकडे राहते, कधी आली?

“ते मी विचारलं नाही,” मी म्हणालो.

हिरामणने प्रथमच माझ्याकडे नीट, सरळ पाहिलं. रागाने पाहिलं असं मला वाटत नाही.

“एवढं लांब गेलात,” तो म्हणाला, “मग इचारलं काय तिला?”

किती दिवस येतं, कोण पाठवतं, कोणाला सांगितलं का नाही. एकेक प्रश्न माझ्या ओठावर आला आणि एकही सांगण्यासारखा नव्हता. हिरामणने सायकल ढकलत दोन पावलं नेली, मग तो सीटवर बसला आणि थांब्याच्या दिशेने निघाला.